दसऱ्यापर्यंत थांबा

ती घटना आठवली की आजही माझ्या डोळ्यांपुढे आधी येतं ते आमच्या साताऱ्याच्या घरातलं लोखंडी कपाट. त्या वर्षी बायकोने नवरात्राचे घट बसवले ते नेमके त्या कपाटापुढे, आणि माझा खाकीचा जादा जोड आत राहिला. मी तेव्हा सांगली जिल्ह्यात नदीकाठच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो आणि क्वार्टरमध्ये एकटाच राहत होतो. कुणाबरोबर तरी कपडे पाठव, असं फोनवर म्हटलं तर ती म्हणाली, "आवं, घट बसलेत. दार उघडायचं तर घट सरकवावा लागंल. दसऱ्यापर्यंत थांबा की." माझा हुकूम ठाण्यापुरता. तेव्हा एकच गणवेश रोज धुऊन वाळवायचा, असं माझं चाललं होतं.

त्याच दिवसांत ठाण्यात तक्रार आली. आमच्या हद्दीत एक लहानसं कलासंग्रहालय होतं. पावसाळ्यातल्या पुरात तिथे पाणी शिरलं होतं. पाणी चढायच्या आधी संचालकांनी सगळी चित्रं हलवली आणि पूर ओसरल्यावर, भिंती वाळल्यावर परत आणून टांगली, इथपर्यंत सगळे त्यांचं कौतुकच करत होते. मग संस्थेची समिती पाहणीला आली, तर एका भिंतीवर नुसता खिळा. शंभरेक वर्षांपूर्वीचं तैलचित्र होतं ते. हिरवं लुगडं नेसलेली, हातात पितळी चरवी घेतलेली एक गवळण. चित्र कुठे आहे असं विचारल्यावर संचालक म्हणाले, सुरक्षित आहे. कुठे, ते सांगेनात. समितीतल्या एका सदस्यांनी सरळ ठाणं गाठलं.

हे गृहस्थ महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. गुन्हा दाखल झाला असता तर निलंबन, अडकलेलं पेन्शन, आणि उभ्या नोकरीवर चोर म्हणून शिक्का. मी प्राथमिक चौकशी करून मग गुन्हा नोंदवतो, असं सांगून थोडी सवड मिळवली. तक्रार करणारे ते सदस्य मात्र रोज ठाण्यात येऊन बसायचे. माणूस वाईट नव्हता, पण घाई फार.

दुसऱ्या दिवशी निनावी फोन आला. विट्याकडचे एक गलाईवाले शेठ, म्हणजे परमुलखात सोनं गाळण्याचा धंदा करणारे, मोठी गाडी घेऊन संग्रहालयात येऊन गेले होते आणि त्यांना तेच चित्र हवं होतं, अशी खबर. मला वाटलं, मिळाला धागा. शेठ नवरात्रासाठी गावी आलेले होते, म्हणून लगेच सापडले. त्यांनी काही लपवलं नाही. नव्या बंगल्याच्या दिवाणखान्यात लावायला चित्र मागितलं होतं, हे कबूल केलं. मग म्हणाले, "त्या संचालकानं असं हाकललं बघा मला, च्या सुदिक इच्यारला न्हाई." मनुष्य अजून रुसलेला होता. खोटं बोलणारा माणूस स्वतःचा असा अपमान रचून सांगत नाही, हा माझा अनुभव. तो धागा तिथेच तुटला.

मग संचालकांना पुन्हा बोलावलं. पोलीस ठाण्यात भल्याभल्यांचा आवाज बारीक होतो. हे मात्र शांत बसले. चित्राचा विषय सोडून काहीही विचारा, मोकळेपणाने बोलायचे. मी मुद्दाम त्यांना बोलू दिलं. चौकशीत माणूस आपल्या कामाबद्दल बोलायला लागला की त्याचा पिंड कळतो.

त्यांचे वडील आष्ट्यात दुकानांच्या पाट्या आणि ट्रकांवरची नावं रंगवायचे. मुलाने ब्रश धरला तोही ट्रकाच्या फाळक्यावर. चित्रकलेचं शिक्षण मुंबईला झालं. तिथेच चांगली नोकरी मिळत असताना ते परत आले, कारण इथल्या संग्रहालयात माणूसच नव्हता. संग्रहालय म्हणजे तेव्हा दोन खोल्या, त्यातल्या एकीत सिमेंटची पोती. मग त्यांनी सायकल काढली. गावोगाव नवी घरं होत होती आणि जुनी तैलचित्रं माळ्यावर उंदरांच्या तोंडी जात होती. हे ओसरीवर बसायचे, चहा प्यायचे, गप्पा मारायचे आणि म्हणायचे, मी नीट सांभाळीन, तुम्हाला वाटेल तेव्हा येऊन बघा. लोक चित्र देऊन टाकायचे. कुणाच्या आजोबांचं असेल, तर घरातल्या पहिल्या लग्नाला ते पुन्हा त्या घरी नेऊन भिंतीवर लावायचे आणि वऱ्हाड गेल्यावर परत आणायचे. नियमात बसतं का ते, असं मी विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "न्हाई बसत. पण चित्रं तशीच जमली, साहेब."

हा माणूस चित्र विकणार नाही, एवढं मला तेव्हाच पटलं. पण पटणं वेगळं आणि अहवालात लिहिणं वेगळं. शेवटी मी वैतागून म्हणालो, तुम्ही बोलला नाहीत तर उद्या गुन्हा नोंदवावा लागेल. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि खाली मान घालून म्हणाले, "दसऱ्यापर्यंत थांबा साहेब. चित्र भिंतीवर येतंय."

ते गेले. समितीच्या सदस्यांचं म्हणणं, गिऱ्हाइकाकडून माल परत आणायला मुदत मागतोय. ऐकायला बरोबर वाटत होतं. मी क्वार्टरवर आलो. गणवेश धुवायला काढला आणि सवयीने बायकोच्या नावाने चरफडलो. हात बादलीतच राहिला. दसऱ्यापर्यंत थांबा. हेच शब्द मी घरच्या फोनवर ऐकले होते. दसऱ्यापर्यंत जी वस्तू हलत नाही, ती एकाच ठिकाणी असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संचालकांच्या घरी गेलो. गणवेश दोरीवर ओला होता, म्हणून साध्या कपड्यांतच. दारातच विचारलं, "कुणाच्या घटामागं आहे चित्र?"

ते पायरीवरच बसले. डोळ्यांत पाणी आलं, पण चेहरा एकदम सैल झाला. मग सगळं सांगितलं. पुरात चित्रं ठेवली होती आष्ट्याच्या पुढे माळावरच्या एका गावात. तिथे एका माजी सैनिकाच्या विधवेचं नवं घर होतं. थोरल्या मुलाच्या लग्नासाठी वर बांधलेली खोली तिने मोकळी करून दिली होती. तो मुलगा सैन्यात, सीमेवर. त्या दिवसांत त्याचा फोन लागत नव्हता. एके दुपारी वारा लागावा म्हणून तिने चित्रांवरची कापडं काढली, ही गवळण तिच्या समोर आली आणि त्याच घटकेला मुलाचा फोन आला. त्या बाईच्या लेखी ती गवळण राहिलीच नाही, देवी झाली. बाकीची चित्रं आली, हे शेवटचं न्यायला संचालक टेंपो घेऊन गेले, तर पुढे घट बसलेला. दसऱ्याला घट उठल्यावर नेईन, असा शब्द देऊन ते परत आले.

मग हे आम्हाला का सांगितलं नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तुमची गाडी तिच्या दारात उभी राहिली असती. चोरीचं चित्र देव्हाऱ्यात पुजलं, म्हणालं असतं गाव. लेक तिकडं सीमेवर, आणि इथं आईच्या नावानं हे? ज्यांच्या भरवशावर संग्रहालय उभं राहिलं त्यांना तोंडघशी पाडून मी कुठलं तोंड वाचवणार होतो?"

आम्ही खाजगी गाडीने निघालो. मी, संचालक आणि समितीचे ते सदस्य. गावचे पोलीस पाटील त्या बाईंचेच दीर निघाले, त्यामुळे बोभाटा झाला नाही. उंबऱ्याबाहेर सगळ्यांनी चपला काढल्या. आतल्या खोलीत घटातलं धान्य बोटभर वर आलं होतं, दिवा तेवत होता आणि मागे भिंतीला टेकून ती हिरव्या लुगड्यातली गवळण. संचालक आधी वाकले ते देवीपुढे की चित्राचा रंग तपासायला, मला कळलं नाही. कुंकू फक्त लाकडी चौकटीवर होतं. चित्राला हात लावायचा नाही, असं त्यांनी सांगितलं होतं आणि बाईंनी ते पाळलं होतं.

आमचं बोलणं ऐकून बाईंच्या लक्षात आलं, की या माणसावर चोरीचा आळ आलाय. त्या तडक घटाजवळ गेल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

"न्या चित्र आत्ताच्या आत्ता," त्या म्हणाल्या. "घट मी फुडल्या साली परत बसवीन. ह्यास्नी चोर म्हनल्यावर मला दिवा लावायला तोंड ऱ्हाईल व्हय?"

मी पुढे होऊन त्यांना थांबवलं. चित्र हलवायची गरजच नव्हती. वस्तू सापडली होती, ओळख पटवायला संचालक आणि सदस्य हजर होते, पंच म्हणून पोलीस पाटील होते. मी तिथेच सतरंजीवर मांडी घालून पंचनामा लिहिला आणि दसऱ्यापर्यंत चित्र आहे त्या जागी सांभाळण्याची हमी बाईंकडून घेतली. इतक्या पंचनाम्यांत अनवाणी केलेला तो एकच. सदस्यांनीही तक्रार मागे घेत असल्याचं लिहून दिलं. जाताना ते बाईंकडून प्रसाद मागून घेऊन गेले.

परतताना गाडीत संचालक झोपी गेले. कित्येक दिवसांची झोप असावी. मी ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगितलं. माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं होतं, कारण त्यांच्यावर गुन्हा लिहिण्याची पाळी माझ्यावरच आली असती.

नोकरीत मी गप्प राहणारे पुष्कळ पाहिले. बहुतेक स्वतःला वाचवायला गप्प असतात. दुसऱ्याला वाचवायला गप्प बसणारे फार थोडे, आणि दोघांचं गप्प बसणं वरून अगदी सारखं दिसतं. तेव्हापासून, माणूस काय लपवतोय याच्या बरोबरीने, कुणासाठी लपवतोय हेही मी विचारत आलो. त्या एका प्रश्नाने पुढे बरीच निरपराध माणसं आपापल्या घरी गेली.

परवानगी न घेता चित्र बाहेर ठेवलं म्हणून संस्थेने संचालकांना लेखी समज दिली. ती त्यांनी हसत घेतली. महिनाअखेरीस मानाने निवृत्त झाले.

दसऱ्याला ठाण्यातली शस्त्रपूजा आटोपून मी संग्रहालयात गेलो. बाई दिराच्या ट्रॅक्टरमधून चित्र घेऊन आल्या होत्या, ओटी भरून. संचालकांनी स्वतः शिडीवर चढून ते त्या रिकाम्या खिळ्याला लावलं. चौकटीवरचं कुंकू पुसू का, असं शिपायाने विचारलं. राहू दे, असं सदस्यच म्हणाले. बाईंनी घटातले कोवळे अंकुर आणले होते. एक तुरा त्यांनी संचालकांच्या टोपीत खोवला, दुसरा माझ्या.

गणवेशाच्या टोपीत तुरा चालत नाही. मी तो दिवसभर काढला नाही. संध्याकाळी वरिष्ठ फेरीला आले, टोपीकडे बघून त्यांनी हे काय म्हणून विचारलं.

"मुद्देमाल आहे, साहेब," मी म्हणालो, "ज्याचा त्याला परत मिळाला."