बोटांना ठाऊक असलेलं

धाकटीचं चित्रकाम कागदावरून कधीच कॉम्प्युटरला जोडलेल्या काचेच्या पाटीवर गेलं होतं. उजव्या हातात पेन, डावा हात कळफलकावर. मनगट दुखायला लागल्यापासून तिनं सॉफ्टवेअरमधली कळांची मांडणी आपल्या हातापुरती बदलून घेतली होती. पुसायचं करंगळीनं, ब्रश बारीक करायचा तर्जनीनं. दोन वर्षांत ते इतकं अंगवळणी पडलं, की कुठली कळ कशाची हे तिला तोंडानं सांगता यायचं नाही.

त्या सकाळी ती अंघोळीला गेली असताना दादानं, बहिणीवर उपकार म्हणून, सॉफ्टवेअर नवं करून ठेवलं.

"जुनी मांडणी ठेवायची का, असं विचारत होतं," तो म्हणाला. "मी म्हटलं नको. जुनं कशाला?"

धाकटीनं करंगळी दाबली. बगळ्याचा पंख पुसायचा, तर अख्खं तळं काळं झालं. मुलांच्या पुस्तकातली शेवटची तीन चित्रं चार वाजता द्यायची होती. मागं उशीर झाला तेव्हा संपादकबाई अगदी शांतपणे म्हणाल्या होत्या, "पुन्हा असं झालं तर दुसरीकडे देऊ." ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आई शिवणयंत्रावरून उठून आली.

"कुठली कळ कशाची, सांग बघू."

"आठवत नाही गं. डोकंच चालत नाहीये."

"डोक्याला कुणी विचारलंय? मशीनवर माझा पाय काय मला विचारून हलतो? डोळे मीट आणि मनातल्या मनात काढ बगळा."

धाकटीनं डोळे मिटले. डावा हात कळफलकावर ठेवला. बोट एका कळेवर टेकलं.

"आता काय करत होतीस?"

"चोच बारीक."

आईनं कापडावरच्या खडूनं कळेवर खूण केली. दादा ती बघून सॉफ्टवेअरमध्ये एकेक नोंद परत भरत गेला. एक कळ काही केल्या सापडेना, आणि घड्याळात दीड वाजला.

"राहू दे ती," आई म्हणाली. "एका बटणावाचून सदरा अडत नाही."

चारला आठ मिनिटं कमी असताना चित्रं गेली. मग नुसतं वाट बघणं. धाकटीनं दहादा फोन उलटा ठेवला, दहादा सुलटा केला. शेवटी बाईंचं उत्तर आलं: "मिळाली. पुढचं पुस्तक सोमवारी पाठवते."

दादानं हुश्श केलं आणि कॉम्प्युटर बंद करायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस," दोघी एकदमच म्हणाल्या.