अंगठा मागे घ्यायला नाशिकला

शुक्रवारी दुपारी मीटिंग चालू असताना आईचा फोन आला. मी उठून पॅसेजमध्ये गेलो.

"मी कुठल्या टॉवरला हो म्हटलंय रे?" तिने विचारलं.

मला काहीच कळेना. मग हळूहळू उलगडा झाला. नाशिकला आमच्या कॉलनीतली तीन मजली इमारत पाडून तिथे बावीस मजली टॉवर उभा करायचा विचार बरेच दिवस चालू आहे. आई तिथे दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. ती मोबाइलवर ग्रुप-बिप बघत नाही, म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर तिच्या वतीने मी आहे. आठवड्यापूर्वी सेक्रेटरी पगारे काकांनी तिथे लिहिलं होतं, 'टॉवरला ज्यांची संमती आहे त्यांनी अंगठा दाखवावा.' आणि मी दाखवला होता.

न वाचता. ऑफिसात मी दिवसभर तेच करतो. आमच्या सव्विसाव्या मजल्यावर कुणी काही लिहिलं की बाकीचे सगळे अंगठा टाकतात. त्याचा अर्थ 'पटलं' असा नसतो, 'मी जिवंत आहे, जागेवर आहे' एवढाच असतो.

"तीस वर्षं शाळेत शिकवलं, संध्याकाळी प्रौढांचे वर्ग घेतले," आई म्हणाली. "म्हाताऱ्या बायांना अंगठा सोडून सही करायला लावली. आणि माझ्याच नावावर अंगठा!"

रविवारी सोसायटीची बैठक होती. तिथे अंगठा मागे घ्यायचा म्हणून शनिवारी निघायचं ठरलं.

ज्यांना मुंबईहून नाशिकला जायचंय त्यांच्यासाठी: शनिवारी उजाडायच्या आत निघा. मी ठाण्याहून धुळ्याची एसटी पकडली, तरी आसनगावपाशी रस्त्याच्या कामात सापडलोच. कसारा घाटाच्या अलीकडे गाडी थांबते, तिथे बटाटेवडा खावा, चहा टाळावा. खिडकीची जागा डावीकडची घ्यावी असं मी ऐकून होतो, पण मी घाट पाहिलाच नाही. सोसायटीच्या ग्रुपवर आजवर आपण कशाकशाला अंगठा दिलाय ते तपासत बसलो होतो. टाकी साफ करणार, अंगठा. पाणी दोन दिवस नाही, अंगठा. पगारे काकांचे साडू वारले, अंगठा.

इगतपुरी येईपर्यंत मला स्वतःची जरा भीती वाटायला लागली होती.

नाशिकच्या द्वारका चौकात उतरलो. सिग्नलची गर्दी नेहमीसारखीच. रिक्षावाला म्हणाला, "साहेब, घाई असंल तर पायी जा. निवांत असाल तर बसा." बसलो. खरोखरच निवांत पोचलो.

जिन्यातच पगारे काका भेटले. "जय भीम, साहेब! साडूंच्या वेळी तुमचा अंगठा पोचला बरं का."

मी काहीतरी पुटपुटलो आणि वर सटकलो. आईकडे शेजारच्या आहिरे मावशी बसल्या होत्या. त्या नामपूरच्या. चाळीस वर्षं नाशकात काढूनही त्यांची अहिराणी हललेली नाही. "कव्हय उना रे भाऊ?" आत्ताच आलो म्हटलं. "मग चाल. माले टॉवर दखाना शे."

टॉवर बघायचा म्हणजे, बिल्डरने पाथर्डी फाट्याकडे असाच एक टॉवर बांधलाय, तिथला नमुन्याचा फ्लॅट बघायला सगळ्या सभासदांना बोलावलं होतं. आई म्हणाली, "तू वर राहतोस, वरच काम करतोस. तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? बघून मला खरं सांग. तू सांगशील ते मी उद्या बैठकीत सांगेन."

अंगठा मागे घेणं सोपं होतं. खरं सांगणं हे काम मी बऱ्याच वर्षांत केलेलं नव्हतं.

नमुन्याचा फ्लॅट अठराव्या मजल्यावर. (बघायला पैसे पडत नाहीत, उलट सरबत देतात.) लिफ्टमध्ये शिरताच मी सवयीने दाराकडे तोंड करून गप्प उभा राहिलो. मावशींनी मात्र लिफ्टमधल्या अनोळखी जोडप्याला तीन मजल्यांत गाव विचारलं, सहा मजल्यांत आडनाव, आणि अठराव्याला दार उघडलं तेव्हा ते देवळा गावचे, मावशींच्या नात्यातले निघाले होते. मी माझ्या लिफ्टमध्ये नऊ वर्षं चढतो-उतरतोय. समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाला मी त्याच्या कुत्र्यावरून ओळखतो.

कोट घातलेली मुलगी माहिती देऊ लागली. मावशींनी तिला मध्येच थांबवलं. "एवढ्या वर कावळा येतो का बाई?"

"मॅम, क्लबहाउस आहे."

"भाजीवाल्याला हाक मारली तर ऐकू जाईल?"

"मॅम, ॲप आहे."

मावशी आईला म्हणाल्या, "विचारलं की दुसरंच सांगती. तुझ्या पोरासारखीच शे."

आई तोवर गॅलरीत गेली होती. मी मागोमाग गेलो. समोर, जवळजवळ नजरेच्या रेषेत, त्रिरश्मी लेणी दिसत होती. बुद्धपौर्णिमेला आई दरवर्षी पायऱ्या चढून तिथे जायची. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून खालच्या स्तूपापाशीच थांबते.

ती कठड्याला धरून उभी होती. मग म्हणाली, "तुला वर बरं वाटतं का रे?"

"ओव्हरऑल पॉझिटिव्ह," मी म्हणालो.

"ताप आहे का विचारलं तरी असंच सांगशील?"

मी पुन्हा प्रयत्न केला. "काही बाबी सुधारता येतील."

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा पाचवीत गेलो आणि गृहपाठ घरी राहिला.

मग मी खरंच विचार केला. ठाण्याच्या घरातून खाडी दिसते. त्या खाडीपायीच तर एवढं कर्ज काढलं. पण मी खाडीकडे पाठ करून बसतो, कारण ऑनलाइन मीटिंगमध्ये ती मागे चांगली दिसते. पुढे साहेब म्हणाले की लक्ष विचलित होतं, म्हणून मी ती पुसट करून टाकली. म्हणजे जे बघायला घर घेतलं ते रोज एक बटण दाबून घालवतो.

हे आईला सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

"आणि वर गेल्यापासून मी हो फार म्हणतो," मी म्हणालो. "वर सगळेच म्हणतात. कुणी नाही म्हणालं तर लिफ्टमध्ये शांतता पसरते. आता कशाला मनापासून हो म्हणालो आणि कशाला नाही, ते माझं मलाच ओळखता येत नाही."

"हे खरं," आई म्हणाली. "चल, सरबत घे."

रविवारी सकाळी आईला घेऊन मिसळ खाल्ली. नाशिकला जाऊन मिसळ न खाणाऱ्याशी मला बोलायचं नाही. दही मागून घ्या, पापड आपोआप येतो, आणि पोटाला जमत असेल तरच जास्तीची तर्री मागा. मी भाषणाच्या धास्तीने अर्धीच खाल्ली.

बैठक गच्चीत होती. पगारे काकांनी सुरुवातच केली, "साहेबांचा अंगठा आलेलाच आहे."

मी उठलो. म्हणालो, "तो अंगठा मी मागे घेतो. न वाचता दिला होता. आईला विचारलंही नव्हतं. आणि काका, साडूंच्या वेळचाही मागे घेतो. माफ करा." मग सुटलोच. लिफ्टमधली शांतता, पुसट खाडी, समोरचा कुत्रा, सगळं सांगितलं. लोक गंभीर झाले. मागून कुणीतरी म्हणालं, "मग नको ना टॉवर!" माझा ऊर भरून आला. घर वाचवलं होतं मी.

मग आई उठली.

"माझी संमती आहे," ती म्हणाली.

मी खाली बसलो.

"लिफ्टशिवाय आता जमत नाही. दुधासाठी उतरले की चढताना तीनदा बसते. फक्त मला चौथा मजला हवा. तिथून भाजीवाला ऐकतो, आणि जाणारा-येणारा कोण ते कळतं. आणि ज्याचा त्याचा होकार ज्याच्या त्याच्या तोंडून घ्या. मला कुणी विचारलंच नव्हतं, भांडण एवढंच होतं."

पगारे काकांनी कागद पुढे केला. आईने पूर्ण नावाची, टपोऱ्या अक्षरातली सही केली. आहिरे मावशी म्हणाल्या, "मी पाचव्यावर. हाक मारीन खाली."

निघताना आईला विचारलं, "मग माझं सगळं ऐकून तू उलटच का केलंस?"

"उलट कुठे? तुझं ऐकलं म्हणून तर चौथा मागितला." मग मोबाइल पुढे केला. "आता मला तो ग्रुप शिकव. तू बाहेर हो."

परतीचा रस्ता मोकळा होता. या वेळी घाट पाहिला. खिडकी डावीकडचीच हवी असं काही नाही, दोन्हीकडे दरी येते. आईला वाचवायला गेलो की स्वतःच्या चुकीवर पांघरूण घालायला, हे मी घाटभर स्वतःला विचारत होतो. उत्तर दोन्हीकडे थोडं थोडं निघालं.

घरी पोचलो तर ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांचा निरोप होता, 'पुढच्या रविवारी सगळ्यांनी दिवसभर ऑनलाइन यायचं. चालेल ना?' खाली अंगठ्यांची रांग लागलेली. माझा अंगठा काचेपर्यंत गेला आणि थांबला. पहिल्यांदा मी निरोप शेवटपर्यंत वाचला. मग लिहिलं, 'मला जमणार नाही. रविवारी मी नाशिकला आईकडे असेन.'

मिनिटभरात उत्तरं यायला लागली. एकामागून एक, सगळ्यांचे अंगठे. पहिला साहेबांचा.

कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. पण आमच्या कॉलनीत अंगठा म्हणजे संमती धरली होती, तशीच मी ही धरली आहे. रविवारचं एसटीचं तिकीट काढून ठेवलंय.