म्होरकी वळण्याआधी

चारुताबाईंना डोंगर चढायचा कंटाळा. ट्रेकिंगवाल्या मंडळींचा तर मनापासून राग. पण पडेगावच्या माळावरच्या पाण्याच्या टाकीची लोखंडी शिडी मात्र त्या पदर खोचून सरसर चढायच्या. औरंगपुऱ्यातल्या एका कॉलेजात गणित शिकवणारी, पन्नाशी ओलांडलेली ही बाई टाकीवर जाऊन करते तरी काय, असं तिथल्या वॉचमननं एकदा विचारलं होतं. "मेंढ्या बघते," असं उत्तर मिळालं. त्यानंतर बिचाऱ्यानं पुन्हा काही विचारलं नाही.

खरं सांगायचं तर हे वेड लागलं रस्त्यात. दौलताबाद रोडनं स्कूटरवरून घरी येताना समोरून मेंढरांचा कळप आला. बाईंनी स्कूटर बंद केली आणि उभ्या राहिल्या. कळप त्यांच्यापाशी आला, दोन्ही बाजूंनी फाकला आणि मागे जाऊन परत एक झाला. एकीचाही धक्का लागला नाही. धनगरानं हाक दिली नव्हती, काठी उगारली नव्हती. मागचा ट्रकवाला हॉर्न मारून मारून दमला, तरी बाई जागच्या हलेनात. त्यांच्या अंगावर काटा आला होता. एवढ्या जिवांना एकाच वेळी कसं कळलं, कुणी सांगितलं, हा प्रश्न त्या दिवशी मानगुटीवर बसला तो बसलाच.

दुसरी कुणी असती तर घरी जाऊन चहा घेऊन विसरली असती. पण बाई हट्टी. ज्या वयात बरोबरीच्या बायका निवृत्तीच्या गप्पा मारतात, त्या वयात ह्यांनी पीएचडीला नाव घातलं. विषय काय, तर कळप वळतो कसा, त्याचं गणित. वडील अनंतराव, कलेक्टर कचेरीतून रिटायर झालेले, नव्वदीला टेकलेले. ते म्हणाले, "चारू, गणितात मेंढ्या गं कुठून आल्या?" आणि एवढी चेष्टा करून पठ्ठ्यानं गुपचूप पितळी पाटीही करून आणली. डॉ. चारुता, असं तिच्यावर कोरलेलं. पाटी फडक्यात गुंडाळून कपाटात होती आणि ती तिथं आहे हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

माळावर मेंढरं चारायची ती सूर्यभान आणि दगडाबाई ह्या जोडप्याची. पावसाळाभर त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकटचा मुक्काम, पडेगावच्या बाजूला असायचा, आणि दिवाळी झाली की कळप घेऊन ते गोदावरीच्या अंगाला निघायचे. बाईंनी पहिल्याच भेटीत सूर्यभानला विचारलं होतं, "कळप वळतो, तर आधी कोण वळतं?"

"म्होरकी," सूर्यभान म्हणाला. "तिच्या गळ्यात घंटा हाय ना, ती वळली की समदी वळत्यात. माझा बाप बी हेच सांगायचा."

बाईंनाही ते पटलं. पुढं चालणारी एक, बाकीच्या तिच्याकडे बघून वळणाऱ्या. ह्याच पायावर त्यांनी समीकरणं मांडली. जोडीला मिळाला हिमांशू, इंजिनिअरिंग कॉलेजातला तरुण प्राध्यापक, कॅमेऱ्याच्या चित्रातून वस्तू ओळखणारे प्रोग्राम लिहिण्यात तरबेज. ड्रोन उडवायचा तर छावणी जवळ, परवानगी मिळेना, म्हणून टाकीवर कॅमेरा. वरून सगळ्या मेंढ्या सारख्याच दिसतात, तेव्हा प्रत्येकीच्या पाठीवर रंगाचे ठिपके दिले, प्रत्येकीचे वेगळे. ठिपक्यांवरून प्रोग्राम एकेकीला ओळखायचा आणि ती कशी सरकली ते टिपून ठेवायचा.

तीन वर्षं अशी गेली. कधी धुकं, कधी पावसानं ठिपके धुतलेले, कधी निम्मा कळप बाभळीखाली गडप. तुकडे तुकडे हाताला लागले, पण सबंध कळप उतारावरून येतो आणि पाण्याकडे वळतो असं एकही धड चित्रण नव्हतं. विद्यापीठानं दिलेली शेवटची मुदत संपत आली होती. प्रबंध लिहून, बांधूनही तयार होता; गाइडना तेवढा पुरे होता, पण बाईंना शेवटच्या प्रकरणात हे एक चित्रण हवंच होतं. दिवाळीच्या पाडव्याला ते मिळालं तर मिळालं, कारण दुसऱ्या दिवशी कळप निघणार होता. आदल्या आठवड्यात नव्यानं ठिपके देऊन बाई पाडव्याला सकाळीच माळावर पोचल्या.

आणि बघतात तर काय, सगळा कळप लाल.

दगडाबाईनं पहाटे उठून मेंढरं धुतली होती आणि एकूणएक पाठीवर गेरू फासला होता. पाडव्याला मेंढरं रंगवायची, ओवाळायची ही त्यांची रीतच. दर वर्षी शिंगांना थोडा, पाठीला एखादा पट्टा, एवढंच असायचं. ह्या खेपेला मात्र मॅडम फोटू काढणार म्हणून तिनं मन लावून काम केलं होतं. म्होरकीच्या गळ्यात झेंडूचा हार होता. ओवाळणीचं ताट हातात घेऊन ती हसत पुढं आली.

"ताई, जित्राबं कशी ठिपक्याठिपक्यांची दिसायलीत, देवी आल्यावानी," ती म्हणाली. "फोटूत तसलं बरं नाय दिसत. म्हणून समदं पुसून टाकलं. आता बघा कशी छान दिसत्यात."

हिमांशूनं कपाळाला हात लावला.  तीन वर्षांवर गेरू फासला गेला होता, आणि तोही इतक्या मायेनं की रागवायची सोय नव्हती. त्यांनी दगडाबाईच्या हातांकडे पाहिलं. ते हात कोपरापर्यंत लाल होते.

"छान दिसतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही ओवाळून घ्या, मग आम्ही चित्रण करतो."

"मॅडम, काय उपयोग?" हिमांशू कुजबुजला. "प्रोग्रामला एकही ओळखू येणार नाही."

"न येऊ दे. तिनं पहाटेपासून खपून सजवलंय. कॅमेरा लाव."

त्या दिवशी काय नशीब म्हणायचं, धुकं नव्हतं, ऊन स्वच्छ होतं. कळप उतारावरून आला आणि पाण्याकडे वळला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जसा तीन वर्षं हवा होता तसाच. बाई टाकीवर बसून बघत राहिल्या आणि त्यांना रडू आवरेना.

भाऊबीज झाल्यावर हिमांशू लॅपटॉप घेऊन घरी आला. चेहऱ्यावर काहीतरी निराळंच होतं. "मॅडम, कोण कुठली हे सोडून दिलं," तो म्हणाला. "फक्त लाल रंग कुठून कुठं सरकला, तेवढंच प्रोग्रामला मोजायला लावलं. जिकडं सरकला तिकडं बाण. बघा."

पडद्यावर मेंढ्या राहिल्या नव्हत्या. नुसते बाण होते, शेकडो, सगळे उताराच्या दिशेनं. मग कळपाच्या मध्यभागी, जरा डाव्या अंगाला, एक बाण कलला. शेजारचे दोन कलले. तिथून ते वळण पसरत गेलं, तव्यावरच्या तुपासारखं, आणि बघता बघता काठापर्यंत पोचलं. बाई खुर्चीतून उठल्या. इतकी वर्षं त्यांनी जे कागदावर शोधलं होतं ते डोळ्यांसमोर चालू होतं, आणि ते त्यांच्या समीकरणांहून कितीतरी देखणं होतं. रस्त्यात आला होता तोच काटा पुन्हा अंगावर आला.

"परत लाव," त्या म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष त्या पिवळ्या टिंबाकडे गेलं. झेंडूचा हार. लाल कळपात ओळखू येणारी एकटी म्होरकी, सगळ्यांच्या पुढं. मधलं वळण सुरू झालं तरी ती आपली नाकासमोर सरळ चालली होती. वळण तिच्यापर्यंत पोचलं तेव्हा कुठं ती वळली.

"जुन्या चित्रणात काय आहे?" बाईंनी विचारलं. हिमांशू मान खाली घालून म्हणाला, "तेही बघितलं. मॅडम, आपण प्रत्येक वेळी मोजायला सुरुवात म्होरकी वळली की करायचो. त्याआधीचा भाग मोजणीतून वगळायचो. तिथंही ती आधी वळलेली नाही. पुढून वळतात असं धरून चाललो, म्हणून आपण मागं बघितलंच नाही."

 टेबलावर प्रबंधाची बांधून आणलेली प्रत होती. हे चित्रण बाजूला ठेवलं असतं, तर ती प्रत तशीच गेली असती. कुणाला पत्ता लागला नसता. गाइडसुद्धा खूश होते. आणि कपाटात पाटी होती.

त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. सकाळी वडिलांपाशी जाऊन बसल्या आणि सगळं सांगितलं, बाणांचं, हाराचं, मुदतीचं. आता प्रबंध पहिल्यापासून लिहायला हवा, मुदत गेली, नाव पुन्हा घालावं लागेल, पुन्हा किती वर्षं लागतील देव जाणे.  अनंतराव म्हणाले, "मला दाखव ते बाण." बाईंनी दाखवले. म्हाताऱ्यानं चष्मा पुसून तीनदा बघितलं. "चारू," ते म्हणाले, "पितळी पाटी आहे. ती काही नासत नाही."

पुढच्या रविवारी बाई कळपाच्या मागावर, गोदावरीच्या वाटेनं, स्कूटरवरून बिडकीनच्या पुढं गेल्या. एका मोकळ्या शेतात सूर्यभानचा वाडा उतरला होता. सूर्यभान आणि दगडाबाईला त्यांनी बांधावर बसवलं आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. बाण कशाचे ते समजावलं, पिवळं टिंब दाखवलं.

सूर्यभाननं एकदा बघितलं. "हे उलटं लावलंय काय?" त्यानं विचारलं. उलटं नाही म्हटल्यावर परत लावायला सांगितलं. मग त्यानं डोक्यावरचं पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं आणि पडद्याच्या अगदी जवळ वाकला.

"आयला," तो हळूच म्हणाला. "जन्मभर ह्यांच्या मागं चाललो. बाप चालला, आजा चालला. अन् वरून कुणी बघितलंच नाय."

"मीही नाही बघितलं, भाऊ," बाई म्हणाल्या. "टाकीवर बसूनसुद्धा."

"पण मधल्या त्या मेंढीला कोण सांगतंय?"

"तेच तर ठाऊक नाही. आता ते शोधायचंय."

 पुसलेले ठिपके दगडाबाईच्या आता ध्यानात आले असावेत. "ताई, माझ्या गेरूनं तुमचं नुकसान झालं का वो?" तिनं विचारलं.

खोटं बोलणं बाईंना जमलं नाही. "झालं," त्या म्हणाल्या. "सगळं लिहिलेलं गेलं. पुढच्या पाडव्याला याल ना पडेगावला? असाच गेरू लावा. एकीलाही सोडू नका."

दगडाबाईनं त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

ऊन उतरलं तशी मेंढरं चरत चरत बांधाकडे आली. तिघंही उठून कळपात जाऊन उभी राहिली. ह्या वेळी म्होरकीकडे कुणीच बघत नव्हतं. मधे कुठून सुरुवात होते ते पकडायचं असं तिघांनी ठरवलं होतं. मग कळप पाण्याकडे वळला. "दिसलं का?" सूर्यभाननं विचारलं. दगडाबाईला दिसलं नव्हतं, बाईंनाही नाही. आणि मग बाईंच्या ध्यानात आलं की आपलं तोंडही पाण्याकडे आहे, आपणही वळलोय, आणि कधी वळलो ते आपल्यालाच कळलेलं नाही.