खासदारांकडे पहिली फेरी

कॅनडाच्या एका खासदाराची वीस मिनिटं मी एकदा संत्रा बर्फीवर घालवली. ती वीस मिनिटं माझी नव्हती, शेजारणीची होती. तिच्या दिरांना वसईहून इथे यायचं होतं, व्हिसा नाकारला गेला होता, तिचा नवरा आजारी होता, आणि मी मात्र त्या भल्या माणसाला त्याच्या आईच्या गुडघ्यांबद्दल विचारत बसले होते.

तेव्हा मी चौसष्ट वर्षांची अल्लड मुलगी होते. आता अक्कल आली आहे असा दावा नाही, पण तेव्हा नव्हती एवढं आता कळतं.

नॉर्थ यॉर्कला मुलाकडे येऊन मला दीडेक वर्ष झालं होतं. आमच्याच मजल्यावर, दोन दारं सोडून, वसईचं एक ख्रिश्चन जोडपं राहायचं. लिफ्टमध्ये तिने मला साडीत पाहिलं आणि "मराठी का हो?" म्हणाली, तेव्हापासून आमची चहाची ये-जा. ती शाळेच्या किचनमधून रिटायर झालेली, तीस वर्षं इथे काढलेली. इंग्रजी माझ्या दसपट चांगलं. पण स्वभाव असा, की दुकानात चुकीचे सुटे पैसे मिळाले तरी "जाऊ दे, कशाला त्रास" म्हणणारी. तिचा नवरा मात्र बोलका. मला वहिनी म्हणायचा आणि नागपूरच्या उन्हावरून चिडवायचा.

त्या हिवाळ्यात त्याला अर्धांगाचा पहिला झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, पण चालणं गेलं. त्यांचा मुलगा देशाच्या पार दुसऱ्या टोकाहून, बर्नाबीहून आला, दोन आठवडे राहिला आणि नोकरीसाठी परत गेला. आणि मग या गृहस्थाने एकच घोशा लावला: दादाला बोलवा. दादा म्हणजे थोरला भाऊ. बाप लवकर गेल्यावर त्यानेच याला वाढवलेलं. दादाने आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला, व्हिसासाठी अप्लाय केलं आणि नकार आला. कारण काय, तर दादा विधुर, एकटे. कॅनडात आले तर परत जातील याची खात्री पटत नाही.

"ताई, ऐका तरी," शेजारीण म्हणाली. "दिरांना ठाण्याला लग्नाला न्यायचं तर आम्ही आठ दिवस विनवण्या करायचो. केळीला पाणी कोण देणार म्हणायचे. तो माणूस कॅनडात लपून राहणार?"

"खासदाराकडे जाऊ," मी म्हटलं.

"कशाला त्यांना त्रास?"

"अगं, निवडून कशासाठी दिलंय? तू फक्त सोबत चल. बोलायचं काम माझ्याकडे."

बोलायचं काम माझ्याकडे! या वाक्याचं मला आजही हसू येतं, आणि मग येत नाही.

माझा हा आत्मविश्वास उगाच नव्हता. नागपूरला आमच्या शेजारी नगरसेवक राहायचे. त्यांच्या ओसरीवर कोण येतं, कसं बसतं, कोणाचं काम होतं आणि कोणाचं होत नाही, हे मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वर्षानुवर्षं पाहिलं होतं. आमची नळाची लाइन, यांची भंडाऱ्याहून बदली, सगळं मीच करून आणलेलं. त्यात माझा एक पक्का नियम होता. पहिल्या फेरीत काम काढायचं नाही. पहिल्या फेरीत नमस्कार, घरच्यांची चौकशी, काहीतरी गोड, आणि उठायचं. गेल्या गेल्या काम सांगणारा माणूस मतलबी ठरतो. दुसऱ्या फेरीत ते स्वतःच विचारतात, काय काम काढलंत? मग सांगायचं. आणि सांगायचं ते साहेबांनाच. बाहेर बसलेल्या माणसाला सांगितलं की काम तिथेच मुरतं.

तर अपॉइंटमेंट घेतली. फोनवर बाईने विषय विचारला. मी म्हटलं, "नो विषय. ओन्ली नमस्ते." माझी नात बाजूला कपाळावर हात मारून बसली होती, पण तिचं कोण ऐकतं.

खासदारांचं ऑफिस एका प्लाझात, दातांचा डॉक्टर आणि कोरियन ग्रोसरी यांच्या मधे. नागपूरच्या सवयीने मी गर्दी शोधत होते. गर्दी नव्हती. चार खुर्च्या, कोट टांगायचा स्टँड आणि टेबलामागे एक मध्यमवयीन बाई, तिने आम्हाला पाणी विचारलं. खासदार स्वतः बाहेर आले आणि आत घेऊन गेले. मूळचे आयर्लंडचे, विशीत इकडे आलेले. बोलणं इतकं लयीतलं, की अर्धं कळायचं आणि अर्धं नुसतं ऐकायला बरं वाटायचं.

मी बर्फीचा डबा उघडला. नागपूरहून कुणीतरी आणलेली, मी सुनेपासूनही फ्रीजरमध्ये दडवून ठेवलेली बर्फी. त्यांनी एक खाल्ली, दुसरी घेतली. संत्री कुठली, विचारलं. मी नागपूर सांगितलं. त्यांनी त्यांचं गाव सांगितलं. मी आईची चौकशी केली. आई आयर्लंडलाच, एकटी, गुडघे दुखतात. मी तिळाच्या तेलाचा उपाय सांगितला. ते लिहून घेतो म्हणाले, आणि खरंच लिहून घेतलं! मी मनात म्हटलं, जिंकलं.

मधूनच ते शेजारणीकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही? सगळं ठीक?"

तिने तोंड उघडलं. मी टेबलाखालून तिचा हात दाबला.

"ठीक," ती म्हणाली.

वेळ संपली. ते दारापर्यंत आले, दार उघडलं आणि हँडल धरून तसेच उभे राहिले. काही बोलेनात, हलेनात. मला वाटलं, काय सभ्य माणूस! म्हणून मी पण उभी राहिले आणि त्यांना बर्फ शोव्हल करताना पाठ कशी सांभाळायची ते सांगितलं. बाहेर टेबलावरच्या बाईनेही विचारलं, आणखी काही मदत हवी का? "नो नो, थँक्यू," मी म्हटलं.

प्लाझातून बाहेर पडताना शेजारीण म्हणाली, "ताई, आपण दिरांचं बोललोच नाही."

"पुढच्या वेळी. घाई केली की नासतं."

"पुढची वेळ कधी?"

पुढची वेळ पाच आठवड्यांनी होती. संसद चालू होती, ते ऑटवाला, मग कुठल्याशा दौऱ्यावर. घरी नातीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, यू हॅड वन जॉब." मी म्हटलं, तुला राजकारण कळत नाही.

त्या पाच आठवड्यांतल्या चौथ्यात शेजारणीच्या नवऱ्याला दुसरा झटका आला. जीव वाचला. बोलणं गेलं.

हॉस्पिटलमधून ती घरी आली ती संध्याकाळ मी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. सकाळी माझी बेल वाजली. दारात ती, कोट, टोपी, बूट घालून.

"चला," ती म्हणाली. "आज मी बोलणार."

"अपॉइंटमेंट नाही गं."

"नसू दे. यायचं तर या."

मी गेले. बसभर ती खिडकीबाहेर पाहत होती. ऑफिसात शिरल्यावर ती खुर्चीकडे गेलीच नाही. टेबलासमोर उभ्या उभ्या, कोटाची बटणंही न काढता, तिने त्या बाईला सांगितलं: माझा नवरा आजारी आहे, कालपरवापर्यंत बोलत होता, आता बोलत नाही, त्याच्या भावाला व्हिसा नाकारलाय, मला तो इथे हवा आहे. बस, एवढंच. मला वाटलं, आता ती बाई म्हणेल, अर्ज ठेवा, बघू. तिने पेन उघडलं आणि दिरांचा फोन नंबर विचारला. त्यांच्या वतीने विचारायचं तर त्यांची संमती लागते, ती फोनवरून लगेच मागवता येते. म्हणजे त्या दिवशीही, निघता निघता, हे एवढ्यातच झालं असतं.

आवाज ऐकून खासदार बाहेर आले. सगळं ऐकलं. मग माझ्याकडे पाहून हळू म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी याच कामासाठी आला होता?"

मी मान हलवली. बर्फी बनवणाऱ्याला शाप देत होते मनात.

ते म्हणाले, "माझे वडील आयर्लंडच्या संसदेत होते. दर शनिवारी गावातल्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत बसायचे. लोक यायचे, गाईंबद्दल बोलायचे, पावसाबद्दल बोलायचे. आणि कोट चढवून दारात पोचले की म्हणायचे, हां, एक राहिलंच. ते राहिलेलं एकच घेऊन वडील सोमवारी मंत्र्यांच्या मागे लागायचे. म्हणून मी दार धरून उभा होतो. तुम्ही बर्फाचं सांगितलंत आणि गेलात. मला वाटलं, खरंच नुसत्या भेटायला आल्या."

"आमच्याकडे ते दुसऱ्या फेरीत सांगतात," मी म्हटलं.

ते हसले. शेजारीण हसली नाही.

व्हिसाच्या खात्याकडून आधी ठरीव उत्तर आलं. मग एका दुपारी ऑफिसातल्या बाईचा फोन आला, आज टीव्ही लावा. नातीने शेजारणीच्या टीव्हीवर संसदेचं चॅनल शोधून दिलं. आमचे खासदार उभे राहिले. नाव कुणाचं घेतलं नाही. म्हणाले, माझ्या मतदारसंघात एक माणूस अंथरुणाला खिळून आहे, आणि त्याचा भाऊ परत जाईल की नाही या शंकेपायी त्याला येऊ देत नाहीत. असे किती आहेत, मंत्र्यांनी सांगावं. मंत्री उठले, प्रत्येक अर्ज गुणवत्तेवर तपासला जातो म्हणाले आणि बसले. मागे कुणीतरी बाकं वाजवली.

"हे काय उत्तर झालं?" शेजारीण म्हणाली. तिने टीव्ही बंद केला आणि भांडी घासायला गेली.

मलाही वाटलं, संपलं. नंतर कळलं की प्रश्नोत्तरं आटोपल्यावर, कॅमेरा दुसरीकडे वळल्यावर, ते समोरच्या बाकांकडे चालत गेले आणि मंत्र्यांच्या शेजारी जाऊन बसले. मघाशी ज्यांच्याशी भांडले त्यांच्याच शेजारी. काय बोलले ते मला ठाऊक नाही. पण गोडाचा डबा नेला नसणार, आणि पहिल्याच वाक्यात काम सांगितलं असणार. अर्ज पुन्हा तपासायला घेतला गेला. मार्चच्या सुरुवातीला दादा पिअर्सन विमानतळावर उतरले, हातात केळ्यांच्या वेफर्सची पिशवी आणि अंगात गावाकडच्या कुणा पुतण्याचं मागून आणलेलं जॅकेट, बाह्या बोटांपर्यंत.

ते रोज सकाळी पलंगाशी खुर्ची ओढून बसायचे आणि बोलायचे. कुठल्या केळीला घड आला, विहिरीचं पाणी कुठवर आहे, गावात कोण गेलं. पलंगावरून उत्तर नाही. डोळे मात्र भावाच्या तोंडावरून हलायचे नाहीत. दादा मधेच थांबायचे, सवयीने, त्याने काही म्हणावं म्हणून. मग पुन्हा सुरू करायचे. मी चहा घेऊन जायचे आणि ते थांबणं ऐकू आलं की कप ठेवून परत फिरायचे. त्या थांबण्यात याने काय म्हटलं असतं, ते कुणालाच कळलं नाही.

एप्रिलमध्ये तो गेला. चर्चमध्ये दादा पहिल्या बाकावर होते. मी शेवटच्या बाकावर बसले, बुटांकडे बघत.

आठवडाभराने मी तिच्याकडे गेले. दादा आत सामान बांधत होते. मी उभ्यानेच म्हटलं, "मी त्या दिवशी तुझा हात दाबला नसता तर दादा आधी आले असते. तेव्हा तुझे हे बोलत होते." मग माझं मलाच आवरेना.

तिने मला नीट पाहिलं. मग खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाली:

"हो, बोलत होते. ते मी विसरणार नाही, ताई, आणि तुम्हीही विसरू नका. आता बसा आणि डोळे पुसा, उद्या पहाटे दिरांना एअरपोर्टला सोडायचंय, तुमच्या मुलाला म्हणावं विंटर टायर्स काढले नसतील तर बरं, रात्री बर्फ आहे."