डबीत गोट्याचं

सगळी गल्ली त्यांना आल्टरवाल्या ताई म्हणायची. जिन्याखालच्या खोलीत शिलाई मशीन, एक दिवा आणि लोकांचे कपडे. कुणाची कंबर सैल करायची, कुणाची चेन बदलायची. नवरा बोटीवर खलाशी, वर्षातले बरेच महिने समुद्रात. घरात बारा वर्षांची बबडी आणि पाच वर्षांचा गोट्या.

बबडीला आतड्याच्या सुजेचा आजार निघाला आणि ताईंचं जग आखडलं. कुठे निघायचं तर पहिला प्रश्न, तिथे संडास आहे का? हळूहळू त्यांनी निघणंच सोडलं.

दर काही महिन्यांनी बबडीच्या शौचाचा नमुना डबीतून लॅबमध्ये जायचा. आतड्याला सूज असली की शौचात कॅलप्रोटेक्टिन नावाचं प्रथिन वाढतं. ते फार वाढलं की आत पाइप घालून दुर्बिणीची तपासणी, आणि त्याआधी पोट साफ करणारं ते खारट औषध. बबडीने त्याचा धसकाच घेतला होता.

या वेळी रिपोर्ट छान आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सूज उतरलीय. औषध जरा कमी करून बघू." ताईंचे पाय जमिनीला लागेनात.

पण महिना होतो न होतो तोच बबडीचा शाळेचा स्कर्ट घसरायला लागला. ती ताटावरून अर्धवट उठायला लागली.

"खरं सांग, दुखतंय?"

बबडी संडासात शिरली आणि आतून कडी लावली. ताई दाराबाहेर फरशीवर बसल्या. आतून आवाज आला.

"आई, डबीत माझं नव्हतं. गोट्याच्या भांड्यातलं होतं."

ताईंना हसू आलं की रडू, त्यांनाच कळेना. "अगं, त्याचं पोट धडधाकट आहे हे आपल्याला फुकटात माहीत होतं!"

"तू डॉक्टरांना सांगू नकोस. मला परत तो पाइप नको."

इकडे आड, तिकडे विहीर. सांगावं तर लेक तुटणार, गप्प बसावं तर लेक खंगणार.

"मी सांगणार, बबडे."

"मग मी तुझ्याशी कधीच बोलणार नाही."

ताईंनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. नव्या नमुन्यात प्रथिन कितीतरी पट वाढलेलं निघालं. दुर्बीण झाली, खारट औषध झालं, इंजेक्शनं सुरू झाली. बबडीने अबोला धरला तो थेट पहिलं इंजेक्शन लागू पडेपर्यंत. एक दिवस तिने आपणहून आणखी भात मागितला, तेवढंच बोलली. ताईंनी पाठ फिरवून डोळे पुसले.

पुढच्या वर्षी बबडी शाळेच्या सहलीला गेली. ताईंच्या बहिणीचा फोन आला, "आज तरी ये की माझ्याकडे!"

ताईंनी साडी बदलली, गोट्याचा हात धरला, कुलूप लावलं, कोपऱ्यापर्यंत गेल्या. सहलीत पोट बिघडलं आणि शाळेतून बोलावणं आलं तर? पोरीला आणायला आपण जवळ नको? त्या तिथूनच मागे फिरल्या.