अण्णाचं इष्टलिंग

दारू गोळीनं सुटते, असं आमच्या आईला, अव्वाला वाटायचं. अप्पांना वाटायचं, मारानं सुटते. माझा थोरला भाऊ, अण्णा, गुलबर्ग्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात तीन महिने राहून आला आणि म्हणाला, "दोन्हीनं सुटत न्हाई. चारचौघात तोंडानं सांगावं लागतंय, मी दारुडा हाय म्हणून. जो सांगतोय तोच टिकतोय."

अव्वानं कपाळावर हात मारला. पोराला कावीळ झाली, मामाकडं ठेवलाय, असं तिनं गल्लीभर सांगून ठेवलं होतं. गळ्यात इष्टलिंग बांधणारं लिंगायताचं घर आमचं, अंडं कधी उंबऱ्याच्या आत आलं न्हाई, तिथं दारुडा कुठून निघणार? लाज तशी अण्णालाबी होती. प्यायला निघाला की गळ्यातलं लिंग काढून देवळीत ठेवायचा. पिलेल्या अंगावर ते नको म्हणायचा. केंद्रातून आल्या दिवशी आंघोळ करून त्यानं ते परत बांधलं. रोज सकाळी तळहातावर घेऊन पूजा करायचा. पाच महिन्यांत एक दिवस चुकला न्हाई, मी बघत होते.

मग माझं जमलं. भालकीकडचं स्थळ, चांगलं घरंदाज. सुपारी फोडायच्या आदल्या दिवशी अण्णा माझ्याकडं आला. अव्वाकडं गेला न्हाई, अप्पांकडं न्हाई.

"उद्या पाहुण्यांना सांगून टाकू का गं? एकदा कळलं की कुणी आग्रह करणार न्हाई. नुसतं नको म्हणायला मला अजून जमंना."

"माझी सुपारी फुटू दे," मी म्हणाले, "मग काय दवंडी पिटायची ती पीट."

बरं, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सासूनं विचारलंच, घरात कुणी पितंय का? अव्वा म्हणाली, "छे, आमच्यात वासबी चालत न्हाई." अण्णा तिथंच पानाचं ताट धरून उभा होता. सुपारी फुटली, जेवणं झाली आणि पाहुण्यातले पुरुष "जरा हुमनाबादला जाऊन येतो" म्हणत उठले. कशाला, ते दोन्हीकडच्या बायकांना ठाऊक होतं. घर सोवळं ठेवायचं आणि हायवेच्या ढाब्यावर घसा ओला करायचा, अशी आमची थोर रीत. नवरीच्या भावाला मागं कसं सोडतील?

निघताना अण्णानं गळ्यातलं लिंग काढून माझ्या हातात ठेवलं. मी काय ढ न्हवते, मला सगळं कळलं. पण शेजारी सासू बसली होती. मी मूठ मिटून पदराखाली घेतली.

ते त्यानं परत कधी मागितलं न्हाई. मी सासरी येताना घेऊन आले. त्याला केंद्रात अजून दोनदा घातला. लोक म्हणायचे, त्याच्यात जिद्दच न्हाई. मला राग यायचा, आणि तरी मी गप्प बसायचे.

यंदा पाडव्यानंतर तो गेला. आमच्यात माणसाला बसवून मातीत ठेवतात, तळहातावर त्याचं लिंग देऊन. अंगणात त्याला बसवला होता. विधीला आलेले स्वामी म्हणाले, लिंग आणा. अव्वा देवळीत शोधायला लागली. मी पिशवीतून काढलं तसा माझा नवरा शेजारून हळूच म्हणाला, "तुम्ही तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. आम्ही त्याला पाजलीच नसती."

माणूस वाईट न्हाई, खरं तेच बोलत होता. मी लिंग स्वामींकडं दिलं. अण्णाची ताठलेली मूठ उघडायला दोन माणसं लागली.