आजपासून भात बंद

१० नोव्हेंबर २००३, सोमवार. हातातलं काम: वजनकाट्यावरचा कोंडा झाडणं. झाडून झाल्यावर कोणी बघत नाही अशी खात्री करून मी स्वतःच काट्यावर उभी राहिले आणि शेजारच्या भाताच्या पोत्यापेक्षा सात किलो जास्त भरले. (पोतं गच्च भरलेलं होतं. मीही.)

धसईला आमची भातगिरणी आहे. शेतकरी खळ्यावरचं भात आणतात, आम्ही ते भरडून तांदूळ काढून देतो. मशीन आमचे हे बघतात. काटा, रांग आणि भांडणं मी. दिवाळी झाली की हंगाम सुरू होतो आणि गिरणीपुढे बैलगाड्या लागतात. नेमक्या त्याच दिवसांत माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला, म्हणून शहापूरची नणंद मला तिथल्या एका आहारवाल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाई तरुण, बारीक, हातात पेन.

"सकाळी काय खाता?"

"पेज."

"कशाची?"

"तांदळाची. दुसऱ्या कशाची असते?"

"दुपारी?"

"भात."

"संध्याकाळी?"

"भाकरी," मी अभिमानानं म्हणाले. मग खरं सांगावं म्हणून जोडलं, "तांदळाची."

"मधे भूक लागली तर?"

"चुरमुरे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही फक्त तांदूळच खाता!"

"छे! तूस आणि कोंडा काढतो ना."

कर्बोदकं म्हणजे काय, ती शरीराला लागतात कशी आणि जास्तीची साठतात कुठे, हे बाईंनी नीट समजावलं. (साठतात कुठे ते मला माहीत होतं. मी रोज त्यावरच बसते.) "भात सोडायचा नाही, एका वेळेला अर्धी वाटी खायचा. डाळ, भाजी भरपूर. आणि जिथे दिवसभर नजर जाते तिथे लिहून ठेवा, म्हणजे विसर पडणार नाही."

घरी आल्यावर बाईंनी दिलेला आहाराचा तक्ता सासूबाईंना वाचून दाखवला.

"कर्बोदकं मंजे काय गो?"

"भात, भाकरी, पोहे, बटाटा, साखर."

"मंग ऱ्हायलं काय? ताट?"

रविवारी मी अर्धी वाटी भात घेतला. तो तीन घासांत संपला आणि चौथ्या घासासाठी हात आपोआप पातेल्याकडे गेला. त्या अर्ध्या वाटीनं उरलेल्या अर्ध्या वाटीची अशी काही आठवण करून दिली, की तशी माहेरचीही कधी आली नसेल! अर्धवट काही करायची मला सवय नाही. ठरवलं, पूर्णच बंद.

तर त्या सोमवारी काट्यावरून उतरले ती त्याच तिरमिरीत. दिवसभर माझी नजर जाते कुठे? गिरणीच्या दारातल्या फळ्यावर. 'वीज नाही', 'उद्या बंद' असं आम्ही त्यावर लिहितो. खडू घेतला आणि टपोऱ्या अक्षरांत लिहिलं: 'आजपासून भात बंद.' 'खाणं' हा एक शब्द मध्ये घालायला हवा होता, पण फळा लहान आणि खडूचा तुकडा त्याहून लहान.

हे पहाटेच मशीनचा पट्टा आणायला कल्याणला गेले होते. जुन्या पट्ट्यावर दुपारपर्यंत तुला काम काढता येईल, असं सांगून गेले होते. मी डब्यात काकडी घेऊन बसले.

पहिली गाडी आली. गाडीवानानं फळा वाचला, माझ्याकडे पाहिलं, च्च् केलं आणि बैल वळवले. मला वाटलं, निर्धाराचं कौतुक झालं! मी गंभीरपणे मान हलवली. दुसरी गाडी आली, तीही वळली. मी मनात म्हटलं, आज कोणी भांडत नाही, रांगेत घुसत नाही, किती शांत वाटतंय! कर्बोदकं सोडल्याचा एवढ्या लवकर परिणाम?

मग गोमाबाबा आले. सासऱ्यांच्या काळापासूनचं हे गिऱ्हाईक. दरवर्षी त्यांच्या नव्या कोलम भाताची पहिली दोन पोती आमच्याच गिरणीत भरडली जातात, आणि त्यातला पहिला ओंजळभर तांदूळ ते माझ्या पदरात घालतात. "नवं हाय, घरच्या चुलीवं शिजव." त्या भाताला मीठसुद्धा लागत नाही. झाकण काढलं की वास ओटीवरून रस्त्यापर्यंत जातो. सोबत कडव्या वालांची आमटी असली, तर माणसानं बोलू नये, नुसतं जेवावं.

बाबा फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"सूनबाय, ह्ये खरं हाय?"

"खरं आहे, बाबा."

"इतक्या वर्सांचं येकदम बंद?"

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. माझ्या गुडघ्यांना हा भार झेपत नाही."

"मालकांना चालतंय?"

"त्यांना काय विचारायचं? माझं मी ठरवलं."

बाबांचा आवाज बारीक झाला. "मंग आमी कुठं जायाचं?"

मला त्यांची माया वाटली. मी खात नाही म्हणून ह्यांनाही घास गोड लागेना! "तुम्ही कशाला मन मारता? तुमचं खुशाल चालू ठेवा."

"कुठं? टोकावड्याला?"

टोकावड्याला रस्त्याकडेला ढाबे आहेत. म्हातारा तिथे जाऊन भात खातो हे मला नवीनच होतं. पण दुसऱ्याच्या ताटात आपण कशाला डोकवायचं? "हो, जा की टोकावड्याला! लोक सांगतात, चांगला असतो."

बाबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग गाडी वळवली.

दुपारी बारापर्यंत एक दाणा भरडला गेला नाही. मी काकडी खाल्ली. मग डोळे मिटून पेजेचा विचार केला: कढत, वर आंब्याच्या लोणच्याचा खार. डोळे उघडले तर समोर दोन बायका पदर डोळ्यांना लावून उभ्या.

"वहिनी, धीर सोडू नका."

"कसला?"

"लोक बोलतात, डॉक्टरनी हात टेकले."

तेवढ्यात मागच्या दारातून सासूबाई आल्या. "माझ्या सुनंला काय झालंय? भात सोडलाय निस्ता!" यावर त्या बायकांना आणखीच रडू आलं. अन्नच सोडलं म्हणजे संपलं की!

त्यांची समजूत घालते आहे, तोच टोकावड्याचा गिरणीवाला मोटरसायकलवरून उतरला. चेहरा दुःखी, नजर आमच्या मशीनवर. "वहिनी, आज तुमची सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडं आली. तुमीच पाठवली म्हनं. एवढा मोठेपणा कोन दाखवतो! मशीन द्यायचं झालं तर आधी मला सांगा."

मी फळ्याकडे पाहिलं. 'आजपासून भात बंद.' भातगिरणीच्या दारात. माझ्याच टपोऱ्या अक्षरांत.



चारच्या एस.टी.नं हे आले. खांद्यावर पट्टा, चेहरा पांढराफटक. मुरबाड स्टँडवरच त्यांना कळलं होतं की गिरणी विकली आणि बायको शेवटच्या घटका मोजते आहे.

"अगं, तू जिवंत आहेस?"

"उपाशी आहे."

सगळं सांगितलं. हे आधी हसले, मग एकदम थांबले. "गोमाबाबा आले होते?"

"मीच टोकावड्याला पाठवलं," मी म्हणाले. हे पट्टा खाली टाकून मोटरसायकलची किल्ली शोधायला लागले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसरी गिऱ्हाइकं उद्या परत आली असती, पण बाबांचं नवं भात एकदा दुसऱ्याच्या गिरणीत पडलं की पडलं. ती ओंजळ पुन्हा माझ्या पदरात कशी येणार?

मोटरसायकल काढली. मागे मी बसले की पुढचं चाक जरा विचारात पडतं, पण निघालो. गावाबाहेरच्या वळणावर चिंचेखाली बाबांची बैलगाडी सोडलेली दिसली. बैल पेंढा खात होते. बाबा पोत्यांना टेकून बसले होते.

"बाबा, टोकावड्याला गेला नाहीत?"

"निघालो व्हतो. पन हात व्हईना गो." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तुझ्या सासऱ्यानं पयलं मशीन आनलं तवा पयलं पोतं माझं व्हतं. म्हनलं जरा बसू, मंग बघू."

मी खाली उतरून सांगितलं, "बाबा, भरडायचं बंद नाही. मी खायचं बंद केलंय. बारीक व्हायला."

बाबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तसं पाहायला त्यांना जरा वेळ लागला. मग असे हसले की बैलांनी खाणं थांबवलं. "म्हंजी गिरनी नाय, तूच बंद! आनी मी सकाळपासनं सुतक धरून बसलोय!"

नवा पट्टा चढला. दिवेलागणीला बाबांचं भात भरडून झालं. तांदूळ गरम, पांढरा, कोंड्याचा तो गोडसर वास. बाबांनी ओंजळ भरून पुढे केली आणि हात मध्येच थांबवला.

"पन तू तर खात नाय. म्हातारीला देऊ?"

माझा पदर माझ्याआधी पुढे झाला होता.

"बाबा, डॉक्टरीणबाईंनी अर्धी वाटी सांगितलीय," मी म्हणाले.

"वाटी केवढी ती सांगितलीय?"

नव्हती सांगितली. आमच्या घरातली सर्वांत मोठी वाटी मी त्या संध्याकाळी माळ्यावरून काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळा पुसला. नवा खडू घेतला, 'भात चालू' असं लिहायला हात उचलला आणि खाली ठेवला. आत जाऊन पेजेची वाटी संपवली, मग बाहेर येऊन लिहिलं. आमच्या फळ्यावर खोटं लिहायची पद्धत नाही.